ट्रेमधला ताव: वाशीमच्या ताम्रपटापासून लेसर प्रिंटरपर्यंत कागद निवडण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वाशीम

१/
लेसर प्रिंटरमध्ये कागद ठेवताना आपण नकळत चार निर्णय घेतो: आकार कोणता, वजन किती, पृष्ठभाग कसा आणि हा कागद किती वर्षे टिकला पाहिजे. पहिल्या तिन्हींबद्दल प्रिंटर कधी ना कधी तक्रार करतो. चौथ्याबद्दल तो कधीच बोलत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तो चौथाच प्रश्न सर्वाधिक छळतो. आजचा धागा या चार प्रश्नांवर. सुरुवात वाशीममधून.

२/
वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संपादनामुळे तो अभ्यासकांना परिचित झाला. इ. स. च्या चौथ्या शतकातील या दानपत्रात राजवंशाची माहिती संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेल्या एका गावाचा तो दस्तऐवज.

३/
यासाठी तांबेच का निवडले? भूर्जपत्र आणि ताडपत्र तेव्हा उपलब्ध होतेच. परंतु दान पिढ्यान्‌पिढ्यांसाठी होते, म्हणून पुरावाही तितकाच टिकणारा हवा. त्या काळच्या ताम्रपटांत एक व्यवहारचातुर्य नेहमी दिसते. पत्रे अनेक असले, तर पहिल्याची आणि शेवटच्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवत आणि सगळे पत्रे कडीत ओवत. घासण्याने अक्षरे झिजू नयेत, हा हेतू. कोणत्या बाजूवर लिहायचे आणि कोणती मोकळी सोडायची, हा विचार इतका जुना आहे.

४/
आता याच जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे येऊ. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी ओळख आहे जैन ग्रंथभांडारांची. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत आणि त्यांच्या आश्रयाने हस्तलिखिते जपली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांचे स्थान मोठे आहे.

५/
या भांडारांमुळे अपभ्रंश साहित्याचे एक दालन जगासमोर आले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादित केले. पाठोपाठ अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ प्रकाशात आणले. (सूचीकार रायबहादूर हिरालाल आणि हे प्राध्यापक वेगळे, नावांची गल्लत करू नये.) पुष्पदंत दहाव्या शतकातला. त्याचे शब्द विसाव्या शतकापर्यंत पोहोचले, ते कोणीतरी टिकाऊ कागद निवडला आणि पुन्हा पुन्हा नक्कल केली म्हणून.

६/
पोथीचा आकार पाहा: रुंदीला जास्त, उंचीला कमी. आजच्या भाषेत ‘लँडस्केप’. कागद तर कोणत्याही आकारात कापता येतो, मग पोथी आडवीच का? कारण तिच्याआधी ताडपत्र होते आणि ताडाचे पान अरुंद व लांब असते. कागद आला तरी डोळ्यांची आणि हातांची सवय ताडपत्राचीच राहिली. ताडपत्रातून दोरी ओवण्यासाठी भोक असे. कागदी जैन पोथ्यांत दोरीची गरज उरली नव्हती, तरी पानाच्या मधोमध चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची कोरी जागा सोडली जाई. कारण निघून गेले, आकार मागे राहिला. हे सूत्र ध्यानात ठेवा, पुढे ए-फोरपाशी ते पुन्हा लागेल.

७/
पृष्ठभागाचा विचारही त्या काळी बारकाईने होत असे. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक हरताळ हे पिवळे खनिज वापरत. पानालाही पिवळसर झाक दिलेली असली की दुरुस्ती उठून दिसत नसे. शिवाय हरताळ विषारी, त्यामुळे कीड दूर राहते अशी समजूत होती. एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार या लेखनिकांच्या बैठकीतून आलेला आहे.

८/
हा कागद यायचा कोठून? दख्खनमधले एक मोठे केंद्र म्हणजे दौलताबाद-खुलताबाद परिसरातील कागजीपुरा. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर तेथे आले, असे परंपरा सांगते. गावाच्या नावातच धंदा आहे आणि हातकागद तेथे आजही बनतो. मराठी दप्तरांत दौलताबादी आणि जुन्नरी या कागदांची नावे अशी घेतली जातात, जशी आपण पैठणी किंवा येवल्याची म्हणतो. गावाचे नाव हीच प्रतीची खूण.

९/
कृती थोडक्यात अशी. जुन्या चिंध्या, तागाचे दोर व गोणपाट चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे आणि पुन्हा कुटायचे. तयार लगदा हौदातल्या पाण्यात सोडून बारीक काड्यांच्या चाळणीवर उचलायचा. पाणी निथळले की ओला ताव उलटवून थर रचायचे, दाबायचे, भिंतीवर चिकटवून वाळवायचे. मग त्यावर खळ चढवायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटाई झाली नाही तर बोरूची शाई कागदात पसरते आणि अक्षर फुटते.

१०/
ही खळ अजून गेलेली नाही. तुमच्या प्रिंटरच्या कागदावरही गिरणीत स्टार्चचा पातळ थर चढवलेला असतो आणि घोटाईचे काम तेथे पोलादी रूळ करतात. फरक इतकाच की पूर्वीचा पृष्ठभाग बोरूसाठी घडवला जाई, आताचा टोनरसाठी आणि कागद ओढून घेणाऱ्या रबरी चाकासाठी. फार गुळगुळीत झाला तर चाक घसरते, फार खरबरीत असला तर टोनर नीट बसत नाही.

११/
मापांची भाषाही सोबत आली. संपूर्ण पान म्हणजे ‘ताव’. तावाची उभी लांब पट्टी म्हणजे ‘बंद’. मजकूर लांबला की बंदाला बंद चिकटवत आणि कोणी मधला तुकडा बदलू नये म्हणून सांध्यावर शिक्का उमटवत. ‘दस्ता’ फारसीतून आला, मूळ अर्थ हाताशी जोडलेला. २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांचे रीम, म्हणजे ४८० ताव. ‘रीम’ इंग्रजी वाटतो, पण त्याचे मूळ अरबी ‘रिझ्मा’, म्हणजे गठ्ठा. आजचे रीम ५०० पानांचे असते.

१२/
आता ए-फोर. २५ ऑक्टोबर १७८६ रोजी गेऑर्ग लिख्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने एका पत्रात एक गंमत मांडली: कागदाच्या बाजूंचे प्रमाण १ : √२ ठेवले, तर तो मधोमध दुमडल्यावरही प्रमाण तेच राहते. १९२२ मध्ये वाल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत याच तत्त्वावरचे मानक जाहीर झाले आणि १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ठरले. ए-शून्य म्हणजे बरोबर १ चौरस मीटर. तो चार वेळा दुमडा, १६ भाग होतात. एक भाग म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचे ए-फोर.

१३/
यातून एक सोपी कसोटी हाती येते. ‘जीएसएम’ म्हणजे १ चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ८० जीएसएमच्या ए-फोरचे वजन ८० भागिले १६, म्हणजे ५ ग्रॅम. ५०० पानांचे रीम अडीच किलो. ७५ जीएसएमचे रीम सुमारे २ किलो ३४० ग्रॅम आणि ७० जीएसएमचे सुमारे २ किलो १८० ग्रॅम. वेष्टनावर छापलेल्या आकड्याची शंका आली, तर शेजारच्या किराणा दुकानातला काटा पुरेसा आहे.

१४/
तरीही आपल्याकडे ए-फोरला स्पर्धक उरलेच. परीक्षेच्या ‘फुलस्केप’ला नाव मिळाले ते युरोपातील जुन्या कागदावरच्या विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून. टोपी केव्हाच पुसली, नाव राहिले. न्यायालयांत साडेआठ बाय चौदा इंचांचा ‘लीगल’ दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, किमान ७५ जीएसएम आणि दोन्ही बाजूंना छपाई असा नियम केला. ताडपत्राच्या भोकासारखीच ही गोष्ट: सवय बदलायला वस्तू बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

१५/
अमेरिकेने ए-फोर स्वीकारलाच नाही. तेथे ‘लेटर’ हा साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद चालतो. तो ए-फोरपेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड. बरीच सॉफ्टवेअर तेथे घडल्यामुळे ती मुळात ‘लेटर’ गृहीत धरतात. जुन्या लेसरजेटवर ‘पीसी लोड लेटर’ असा संदेश झळके आणि जगभरचे कारकून गोंधळून जात. ‘पीसी’ म्हणजे संगणक नव्हे, ‘पेपर कॅसेट’. ट्रेमध्ये लेटर भरा, एवढीच त्याची मागणी. ट्रे भरलेला असूनही प्रिंटर कागद मागत असेल, तर आधी सेटिंगमधला आकार पाहावा.

१६/
लेसर प्रिंटरचा वंश असा. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विद्युत आणि कोरड्या भुकटीच्या साहाय्याने मेणकागदावर पहिली प्रतिमा उमटवली. त्यातून झेरॉक्स यंत्र आले. पुढे झेरॉक्स कंपनीतीलच गॅरी स्टार्कवेदर यांनी प्रतिमा काढण्याचे काम लेसर किरणाकडे सोपवले. १९७७ मध्ये कंपनीने ९७०० हे अवाढव्य यंत्र बाजारात आणले. १९८४ मध्ये कॅननच्या यंत्रणेवर आधारलेला एचपी लेसरजेट आला आणि प्रिंटर टेबलावर मावू लागला.

१७/
महाराष्ट्रात डीटीपीची दुकाने निघाली, तेव्हा या प्रिंटरला एक वेगळाच कागद मिळाला: ट्रेसिंग पेपर. लग्नपत्रिका, हँडबिल, छोटी साप्ताहिके यांचा मजकूर संगणकावर जुळवायचा, लेसरवर त्या अर्धपारदर्शक कागदावर काढायचा आणि त्यातून प्रकाश टाकून ऑफसेटची प्लेट करायची. खिळे जुळवण्याचा जमाना अशा रीतीने मावळला. येथेही कामाने कागद ठरवला.

१८/
आता यंत्राच्या पोटात डोकावू. प्रकाशसंवेदी ड्रमवर विद्युतभार चढतो, लेसर अक्षरांच्या जागचा भार बदलतो, टोनर तेवढ्याच जागी चिकटतो. मग कागदाला भार देऊन टोनर त्यावर ओढून घेतला जातो आणि शेवटी सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळाखाली तो वितळून बसतो. म्हणजे कागदाला दोन परीक्षा: वीज आणि उष्णता. दोन्हींत नापास करणारा शत्रू एकच, ओलावा.

१९/
म्हणून ऋतू ओळखावा. पावसाळ्यात उघडे ठेवलेले रीम दमट होते. तापलेल्या रुळाखाली त्यातली वाफ निघते, पान वळते आणि अडकते. उलट वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांत स्थिर विद्युत साचते आणि दोन-तीन पाने एकदम ओढली जातात. उपाय साधा: रीम वेष्टनातच ठेवावे, लागेल तेवढाच कागद काढावा, गठ्ठा फरशीवर ठेवू नये. पोथ्या रुमालात गच्च बांधून ठेवण्यामागेही हवा आणि ओल यांपासून बचाव हाच विचार होता.

२०/
ट्रे भरण्याची रीत:
• गठ्ठा दोन्ही हातांनी फडफडवून पाने मोकळी करावीत, मग चारही कडा ठोकून सारख्या कराव्यात.
• वेष्टनावर बाण असल्यास त्या बाजूवर आधी छापावे.
• ट्रेमधल्या कमाल रेषेच्या वर गठ्ठा जाऊ देऊ नये.
• बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकाव्यात, पण दाबू नयेत. सैल राहिल्या तर छपाई तिरकी येते, आवळल्या तर कागद फुगतो.
• वेगवेगळ्या जाडीचे कागद एकाच गठ्ठ्यात मिसळू नयेत.

२१/
जाड कागद हवा असेल तर तो हाताने एकेक देण्याच्या तोंडातून घालावा आणि सेटिंगमध्ये ‘जाड’ निवडावा. जाड कागद तापायला वेळ लागतो. यंत्राला ते सांगितले नाही तर टोनर अर्धवट वितळतो आणि बोट फिरवताच अक्षरे निघतात. इंकजेटसाठीचा चकचकीत कागद आणि साधे प्लास्टिक लेसरमध्ये कधीही घालू नये, ते आतल्या उष्णतेने वितळून रुळाला चिकटू शकते.

२२/
‘पाठकोरा’ हा खास आपला शब्द. एक बाजू लिहिलेली, पाठ कोरी. कागद महाग होता तेव्हा पाठकोरे पान टाकून देणे हा अपराधच मानला जाई. एखाद्या हिशेबाच्या पाठीवर सापडलेली दुसरी नोंद कधीकधी मूळ हिशेबापेक्षा मोलाची ठरते. प्रिंटरमध्ये पाठकोरे वापरायचे तर दोन पथ्ये: टाचण्या व स्टेपलच्या पिना काढलेल्या असाव्यात आणि पान चुरगळलेले नसावे. कच्च्या खर्ड्यासाठी ते उत्तम, पक्क्या प्रतीसाठी नाही.

२३/
आता चौथा प्रश्न, टिकण्याचा. येथे एक सुखद योगायोग आहे. पोथीची काळी शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन आणि तो उन्हाने उडत नाही. काळ्या टोनरमधले रंगद्रव्यही बहुधा कार्बनच, फक्त डिंकाऐवजी प्लास्टिक. म्हणून लेसरची काळी छपाई टिकाऊ असते. उलट दुकानातली थर्मल पावती काही महिन्यांत कोरी पडते. मात्र टोनर कागदाच्या वरच बसतो. पीव्हीसीच्या पारदर्शक फाइलमध्ये वर्षानुवर्षे राहिला तर तो प्लास्टिकला चिकटून निघून येतो.

२४/
शाई टिकते, पण कागदाचे काय? चिंध्यांच्या कागदाचे तंतू लांब आणि चुन्याच्या संस्कारामुळे आम्लाचे भय कमी. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आणि तुरटी-राळेची खळ आली. कागद स्वस्त झाला, शिक्षण पसरले, वर्तमानपत्रे घरोघर गेली. पण त्या कागदात आम्ल होते. म्हणून अठराव्या शतकातला जुन्नरी ताव आज लवचीक असतो आणि १९४० चे वर्तमानपत्र उलगडताना तुटते. आता बरेच छपाईचे कागद आम्लरहित असतात. १९९४ चे आयएसओ ९७०६ हे मानक दीर्घायुषी कागदासाठीच आहे.

२५/
कागद टिकला नाही तर काय बिघडते? विदर्भात कोणालाही विचारा, ‘कोतवाल बुका’ची नक्कल म्हणजे काय. गावातल्या जन्ममृत्यूची ती जुनी नोंदवही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. पणजोबांच्या नावाची ती ओळ सापडली तर मुलीचा प्रवेश होतो. पान कुरतडले असेल तर घराण्याला कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांइतकेच मोल त्या पानांच्या प्रकृतीला आले.

२६/
वाशीमच्या राजाला चिंता होती दानाच्या पुराव्याची, म्हणून तांबे. कोतवालाच्या वहीतला माणूस राजा नव्हता, त्याच्यासाठी कोणी तांबे कोरले नाही. सामान्यांचा इतिहास कागदावर, आणि तोही बहुधा सर्वांत स्वस्त कागदावर लिहिला गेला. म्हणून जे आधी नष्ट होते, ते त्यांचेच. कागदाची निवड ही कोणाची आठवण राहील याचीही निवड असते.

२७/
तेव्हा तुम्ही आजीच्या आठवणी टिपत असाल, गावचा शिलालेख वाचला असेल, घरातल्या मोडी कागदाचे लिप्यंतर केले असेल, तर संगणकातल्या फाइलवर विसंबू नका. एक पक्की प्रत काढा: आम्लरहित, किमान ७५-८० जीएसएमचा ए-फोर, काळा टोनर, शिवणीसाठी डावीकडे रुंद समास. पीव्हीसीऐवजी आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा. दुसरी प्रत गावच्या ग्रंथालयात द्या. कारंज्याच्या पोथ्यांनी शिकवलेला मोठा धडा हाच: जे एकाच ठिकाणी असते ते एकाच अपघाताने जाते.

२८/
आणि शेवटच्या पानावर पुष्पिका लिहायला विसरू नका. जुने लेखनिक संवत, गाव, कोणासाठी लिहिले, कोणी लिहिले हे नोंदवत आणि तेल, पाणी, सैल बांधणी यांपासून ग्रंथ जपावा अशी वाचकाला विनंती करत. आपण प्रिंट काढतो तेव्हा तारीखही लिहीत नाही. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी ते पान हातात घेईल, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हाच असेल: हे कोणी, कोठे, केव्हा लिहिले?

तुमच्या घरी जुने कागद असतील तर ते कोणत्या कागदावर आहेत, कसे ठेवले आहेत, हे खाली जरूर लिहा. खासगी नावे झाकूनच छायाचित्र टाकावे.

(समाप्त)